तुमची मोरी कोणी खणली?

एक तपभर मी गावोगावी एकच वाक्य सांगत फिरले. फुकट मिळालेल्या गोष्टीची माणसाला किंमत राहत नाही, असं ते वाक्य. नळ हवा तर वर्गणी काढा, गटार हवं तर फावडं उचला, संडास हवा तर खड्डा तुम्ही खणा. ऐकणारे मान डोलवायचे आणि मला वाटायचं, आपण गरिबांना त्यांचा स्वाभिमान परत देतो आहोत.

आज ते वाक्य मी उच्चारत नाही. ते का सोडलं हे लिहून ठेवायचं आहे, कारण सोडायला मला फार उशीर झाला आणि त्या उशिराची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

माझं माहेर सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातलं. पाऊस आमच्याकडे पाहुण्यासारखा यायचा आणि पाण्याचा घोटही न घेता निघून जायचा. बाहत्तरच्या दुष्काळात मी चार वर्षांची होते. आठवतं ते एवढंच, की आई कामावरून आणि पाण्यावरून परत यायची वाट बघत उंबऱ्यात बसायचं, आणि तिनं घागर ओतली की फडक्यावर उरलेला गाळ बघायचा. पुढे शाळेजवळ विंधन विहीर झाली, तिच्यावर हातपंप बसला. त्या पंपाची वंशावळ आपल्याच मुलखातली आहे. आधी जालन्यात आणि मग सोलापुरात मिशनच्या मंडळींनी दणकट पंप घडवले. त्यांच्यावरून युनिसेफच्या मदतीनं ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला आणि तो पुढे देशोदेशी गेला. आमच्या गावात तो बसला तेव्हा कुणी घरटी वर्गणी मागितली नव्हती, आईला कुणी खड्डा खणायला लावलं नव्हतं. पाणी आलं आणि आईनं जन्मभर त्या पंपाची किंमत ठेवली. हा पुरावा माझ्या घरातच होता. मला तो दिसायला तीस-पस्तीस वर्षं लागली.

२००० साली राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. तेव्हाचे ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील आमच्याच जिल्ह्यातले, तासगावजवळच्या अंजनीचे. मी बचत गटांचं काम करत होते, त्या लाटेत उतरले. पहाटे हलगी वाजायची, खराटे निघायचे, सरपंचापासून शाळेच्या पोरांपर्यंत सगळे रस्त्यावर. ज्या गल्लीतून नाकाला पदर लावल्याशिवाय जाता येत नव्हतं, तिथं रांगोळ्या पडल्या. तो आनंद खरा होता, आणि आजही मी तो खोटा म्हणणार नाही. एरवी एकमेकांच्या दारी न जाणारी माणसं त्या दिवसांत एका ओळीत उभी राहिली.

पण मी जे पाहायला हवं होतं, ते पाहिलं नाही. सकाळी आठ वाजता फोटो झाला की ज्यांची शेती होती ते शेतावर जात. ज्यांचं पोट रोजगारावर होतं ते तोवर उशिरा पोचून अर्धी हजेरी गमावत. वर्गणी सगळ्यांना सारखी, म्हणून मी तिला न्याय्य म्हणत असे. माडीवाल्याच्या खिशातून निघालेली नोट आणि बचत गटातल्या बाईनं कोंबड्या विकून आणलेली नोट माझ्या वहीत एकाच रकान्यात जात होती.

पाच-सहा वर्षांनी त्यातल्या एका गावात परत गेले. गटारं मातीनं भरलेली, अर्ध्या संडासांत गोवऱ्या आणि कडबा. पंचायतीकडे सफाईला माणूस नव्हता, कारण माणूस ठेवायला पैसा नव्हता. संडासांत पाणी नव्हतं, कारण गावातच पाणी तिसऱ्या दिवशी येत होतं. मी अहवालात काय लिहिलं? ‘लोकांचा उत्साह टिकला नाही.’ पाणी, पैसा आणि पगारी माणूस या तिन्हींचा दोष मी लोकांच्या उत्साहावर टाकला.

आणि एक गोष्ट, जी मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. उघड्यावर बसणाऱ्यांना लाजवण्यासाठी त्या काळात ‘गुड मॉर्निंग पथकं’ निघत. कुठं शिट्टी वाजवत, कुठं गुलाबाचं फूल देत. २००६ च्या एका पहाटे मी अशा पथकात होते. रस्त्याच्या कडेला एक बाई आमचा आवाज ऐकून दचकून उभी राहिली. मी तिच्या हातात गुलाब दिला. माझ्या मागे दोन पुरुष उभे होते. तिच्या एका हातात टमरेल होतं, दुसऱ्या हातात माझं फूल, आणि पदर सावरायला तिसरा हात नव्हता. तिचं घर गायरानावर होतं, चार पत्र्यांचं. खड्डा खणायला तिच्या नावावर वितीएवढीही जमीन नव्हती. हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी फूल दिलं, कारण माझ्या वाक्यात तिच्यासारखीला जागाच नव्हती.

२००९ साली यजमानांची बदली म्हैसूरला झाली, रेल्वेच्या कारखान्यात. आम्ही चामराजपुरममध्ये भाड्यानं घर घेतलं. माझी कन्नड जतकडची, इथल्या बायकांना ती जरा राकट वाटायची, पण अडायचं नाही. वर्षभरात मी इथल्या एका छोट्या गटाबरोबर वस्त्यांमध्ये जाऊ लागले. शहराच्या सखल भागातली एक वस्ती होती, घरांच्या दोन रांगा आणि मधून वाहणारं उघडं सांडपाणी. पावसाळ्यात ते पाणी चुलीपर्यंत यायचं. दाद मागूनही काम कधी होणार हे कळत नव्हतं. मी माझी जुनी वही काढली. घरटी पाचशे रुपये आणि दर रविवारी घरटी एक माणूस. उतार काढून देणारा इंजिनियर मी आणते, खणायचं तुम्ही. ही सभा झाली २०१२ च्या जानेवारीत.

माझं बोलणं झाल्यावर मागच्या बाजूला बसलेली एक बाई उठली. आमच्याच मोहल्ल्यात दोन घरची धुणीभांडी करायची. तिनं शांतपणे विचारलं, ‘‘अक्का, निम् बीदी मोरी यारु तोडिद्रु?’’

मोरी हा शब्द दोन्ही भाषांचा. आपण घरातल्या न्हाणीच्या कोपऱ्यालाही मोरी म्हणतो, कन्नडमध्ये ती रस्त्याकडेची. अर्थ शोधायला मला क्षणही लागला नाही. तुमच्या रस्त्याची मोरी कोणी खणली?

मी म्हटलं, ‘‘आमची जुनी आहे. आम्ही राहायला आलो तेव्हा होतीच.’’

‘‘होती म्हणजे कुणीतरी खणलीच असेल की,’’ ती म्हणाली. ‘‘कुणाच्या रविवारी?’’

सभेत कुणी हसलं नाही. ती टोमणा मारत नव्हती, तिला खरंच उत्तर हवं होतं. आणि माझ्याकडे ते नव्हतं.

ते शोधताना हे शहर मला नव्यानं कळलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिवाण पूर्णय्यांनी कावेरीचं पाणी शहरात आणण्यासाठी मोठा कालवा खणायला घेतला. योजना फसली आणि उरलेली घळ शहराच्या दाट वस्तीमधून सांडपाण्याचा नाला होऊन पडून राहिली. शतकाच्या अखेरीस संस्थानानं ती भरून काढली आणि तिच्या जागी प्रशस्त रस्ता केला. बडोद्याच्या महाराजांच्या नावानं तो आजही सयाजीराव रोड म्हणून ओळखला जातो, दसऱ्याची जंबू सवारी त्याच रस्त्यानं जाते. मराठी नाव म्हणून मला त्या रस्त्याचा अभिमान होता. त्याच्या पोटात एक गटार बुजवलेलं आहे आणि ते बुजवायला दुकानदारांकडून रविवार मागितले गेले नव्हते, हे मला तेव्हा समजलं.

मग प्लेग आला. १८९७ म्हटलं की आपल्याला पुणे आणि रँड आठवतो, पण लागलीच म्हैसूर संस्थानही प्लेगनं हादरलं. मुंबईत १८९८ साली सुधार ट्रस्ट स्थापन झाला, म्हैसुरात १९०३ साली नगर सुधारणा मंडळ. दाटीच्या गल्ल्या मोकळ्या झाल्या, आखीव विस्तार वसले, त्यांना रस्ते आणि मोऱ्या मिळाल्या. माझ्या मोरीचं उत्तर असं होतं: रोगाच्या भीतीनं जागं झालेल्या राज्यानं, सार्वजनिक पैशातून, मजुरी देऊन ती खणून घेतली. त्या घरांत राहायला येणाऱ्या वकिलांना आणि कारकुनांना कुणी समिती स्थापन करायला सांगितलं नाही. फुकट मिळालं म्हणून ते मोरीची किंमत ठेवणार नाहीत, अशी शंकाही कुणाला आली नाही.

उत्तराचा एक भाग मात्र माझ्या घरामागेच होता. मागच्या बाजूला एक अरुंद बोळ आहे, इथं सगळे त्याला ‘कन्सर्वन्सी’ म्हणतात. पूर्वी मैला उचलणारी माणसं त्या बोळातून यायची, पुढच्या दारानं दिसू नयेत म्हणून. डोक्यावरून मैला वाहण्याची ती प्रथा कर्नाटकात बंद केली ती देवराज अर्स यांच्या मंत्रिमंडळातल्या बी. बसवलिंगप्पांनी, १९७० च्या दशकात. म्हणजे माझ्या स्वच्छ गल्लीतही कुणीतरी अंग झिजवलं होतंच. फक्त ते गल्लीत राहणारं कुणी नव्हतं. पुढे २०१५ आणि २०१६ साली म्हैसूर देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरलं. आमच्या मोहल्ल्यात कौतुकाची चर्चा झाली, आणि पहाटे सहाला आमचा रस्ता झाडणाऱ्या पौरकार्मिक बाया नेहमीसारख्या झाडून निघून गेल्या. श्रम नेहमी त्याच माणसांचे असतात. दुसऱ्याच्या गल्लीत ते केले की त्याला काम म्हणतात आणि स्वतःच्या वस्तीत केले की लोकसहभाग. पहिल्याची थोडी तरी मजुरी मिळते.

मत एका दिवसात बदललं असं मी म्हणणार नाही. काही वर्षं मी वाक्याची धार बोथट करून तेच सांगत राहिले: वर्गणी कमी करू, श्रमदान ऐच्छिक ठेवू. उरलंसुरलं २०२१ मध्ये संपलं, हेग्गडदेवनकोटे तालुक्यातल्या जेनुकुरुबांच्या एका हाडीत. हाडी म्हणजे त्यांचा पाडा. जल जीवन मिशनच्या नियमांनुसार गावांतर्गत कामाच्या खर्चात लोकांचा वाटा १० टक्के. जंगलाच्या, डोंगराच्या भागात किंवा अनुसूचित जाती-जमाती निम्म्याहून जास्त असलेल्या गावांत ५ टक्के, पैशात किंवा श्रमात. मी हे समजावायला गेले तेव्हा पाड्यावर म्हातारी माणसं आणि लेकरं होती. बाकीची कोडगूच्या कॉफीच्या मळ्यांत मजुरीला गेलेली. पाणी समितीत निम्म्या बायका हव्यात हा नियम चांगला आहे, पण त्या बायका आठवड्याच्या मजुरीवर मळ्यात होत्या.

परतताना वाटेत कबिनीचा जलाशय लागला. या भागातल्या आदिवासींचं जंगल काही धरणाच्या पाण्याखाली गेलं, काही वाघांसाठी राखीव झालं. त्याच कबिनीचं पाणी बिदरगोडूहून उपसून म्हैसूरला येतं. कावेरीचं होंगळ्ळी, बेळगोळ आणि मेळापूरहून येतं. त्या उपसा केंद्रांचे ५ टक्के माझ्याकडे कुणी कधी मागितले नाहीत. मी महिन्याचं पाणीपट्टीचं बिल भरते आणि स्वतःला जबाबदार नागरिक समजते. आणि ज्यांचं जंगल गेलं त्यांना मी स्वाभिमानासाठी खड्डा खणायला सांगायला गेले होते.

माझ्या जुन्या सहकाऱ्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो माझाच होता. सरकारनं बांधून दिलेले नळ लोक मोडतात, संडास वापरत नाहीत. त्यावर आता मी एवढंच म्हणते, की ज्या नळाला पाणी येतं तो कुणी मोडत नाही. तोटी मोडलेली दिसली की मी आधी विचारते, पाणी शेवटचं कधी आलं होतं? दुसरा आक्षेप, की मोहल्ल्यातले लोक कर भरतात. खरं आहे. पण वस्तीतली बाईही प्रत्येक खरेदीत कर भरते, आणि त्यावर टँकरच्या रांगेतला वेळ, बुडालेला रोज आणि पोराच्या जुलाबाचं औषध यांत एक पट्टी भरते, जिची पावती मिळत नाही. तिला ‘योगदान द्या’ म्हणणं म्हणजे तिनं आधी दिलेलं न मोजणं.

मग लोकांनी काहीच करायचं नाही का? इथं मला माझ्या दुसऱ्या चुकीची कबुली द्यायची आहे. कराचीच्या ओरंगीचं उदाहरण मी शेकडो वेळा दिलं. अख्तर हमीद खान यांच्या प्रेरणेनं १९८० पासून तिथल्या गल्ल्यांनी स्वतःच्या पैशानं मलवाहिन्या टाकल्या. पण त्यांच्या मांडणीचा दुसरा अर्धा भाग मी गाळत असे. गल्लीतलं काम लोकांचं, आणि गल्लीबाहेरचा मोठा नाला नि शुद्धीकरण सरकारचं. माझ्या गावांत तो बाहेरचा नाला कधी आलाच नाही, आणि मी फक्त आतल्याबद्दल बोलत राहिले.

देहूच्या डॉ. सु. वि. मापुसकरांचंही नाव मी घ्यायचे. त्यांनी सुरुवातीला बांधून घेतलेले संडास पावसात कोसळले. तेव्हा त्यांनी लोकांचा उत्साह मोजला नाही, दुसरी रचना शिकून घेतली आणि चाळीसहून अधिक वर्षं तिथंच राहून काम केलं. पुण्यात १९९९ नंतर वस्त्यांमध्ये शेकडो सार्वजनिक संडास झाले, तेव्हा बांधकामाचा पैसा महापालिकेनं दिला आणि महिला मिलनसारख्या गटांतल्या बायकांनी आतली रचना कशी हवी ते सांगितलं. लहान मुलांसाठी वेगळी सोय झाली, राखणदाराच्या कुटुंबाला राहायला खोली मिळाली. लोकांचा सहभाग असाही असतो. पैसा शहराचा, देखभालीला बांधलेला माणूस, आणि शब्द वस्तीचा.

म्हैसुरातच राज्य ग्रामीण विकास संस्था आहे, अब्दुल नझीर साब यांच्या नावाची. गुंडलुपेटेचा हा माणूस रामकृष्ण हेगड्यांच्या मंत्रिमंडळात ग्रामविकासमंत्री होता. त्यांच्या काळात गावोगावी इतक्या विंधन विहिरी झाल्या, की लोक त्यांना ‘नीर साब’ म्हणू लागले. पंचायतींना खरे अधिकार आणि निधी देणारा १९८३ चा कायदाही त्यांनीच पुढे रेटला. त्याखाली १९८७ साली निवडणुका झाल्या, बायकांसाठी २५ टक्के जागा राखीव ठेवून. त्या संस्थेच्या फाटकावरून मी अनेकदा गेले आहे. पाणी आधी द्यायचं आणि सत्ताही द्यायची, या दोन्ही गोष्टी त्या एका नावात आहेत. मी मात्र सहभाग म्हणजे फावडं असंच समजत आले होते. सहभाग म्हणजे अंदाजपत्रकात ओळ कोणती घालायची हे ठरवण्याचा हक्क, हे मला माझ्याच शहरातल्या एका पाटीनं शिकवायला हवं होतं.

आता मी वर्गणीची वही ठेवत नाही. बायकांबरोबर कार्यालयात जाते, अर्ज लिहिते, पोच घेते. प्रत्येक कामाला दोनच प्रश्न विचारते: बांधल्यावर याची निगा कोण राखणार, आणि त्याचा पगार कुठून येणार? उत्तर ‘समाज’ असं आलं तर आम्ही उठत नाही.

त्या वस्तीच्या मोरीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. ज्यांनी आधीच पाचशे-पाचशे रुपये दिले होते, त्यांना सभेनंतर मी ते परत केले. पुढची तीन वर्षं अर्ज, फेऱ्या, मोर्चा आणि पुन्हा अर्ज यांत गेली. २०१५ च्या उन्हाळ्यात महापालिकेचं काम सुरू झालं. आखणीच्या दिवशी बायकांनी खडूनं जमिनीवर रेघा मारून दाखवलं, की पावसात पाणी अंगणवाडीच्या पायरीशी कसं वळतं. इंजिनियरनं नकाशातली रेघ हलवली. खणणारे मजूर रायचूरकडचे होते, त्यांना दिवसाची मजुरी मिळत होती.

काम संपत आलं तेव्हा एका रविवारी मी बघायला गेले. ती बाई उंबऱ्यात बसून न्हालेले केस उन्हात वाळवत होती. मी म्हटलं, ‘‘तुझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. आमची मोरी सरकारनं खणली होती.’’ तिनं मान हलवली, जणू तिला ते केव्हाच ठाऊक होतं. मला त्या क्षणी गायरानावरची ती दुसरी बाई आठवली, माझं फूल हातात धरून उभी राहिलेली. तिची क्षमा मागायला माझ्याकडे तिचं नावसुद्धा नाही. मी त्या पहाटे ते विचारलंच नव्हतं.

‘‘चल, मोरी कुठवर आली ते बघू,’’ मी म्हटलं.

‘‘नंतर बघते अक्का,’’ ती केस पुढे घेत म्हणाली. ‘‘आज रविवार आहे.’’